दार कोणते, आणि कुणासाठी?

अकोल्याहून खामगावच्या रस्त्याला लागले, की सुमारे पंचवीस किलोमीटरवर बाळापूर येते. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे वऱ्हाडातले जुने गाव. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे देऊळ आहे. गावाला नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगतात. नदीकाठी काळ्या दगडाची देखणी छत्री आहे, ती मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. किल्ला मात्र विटांचा. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम आरंभले आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पुरे केले, अशी माहिती मिळते.

किल्ला पाहायला आलेला माणूस आधी तट पाहतो. किती उंच, किती जाड, किती बुरूज, हे मोजतो आणि मान डोलावतो. माझे लक्ष मात्र नेहमी दरवाज्यांकडे जाते, कारण माझा धंदाच तसा आहे. तट मित्रालाही अडवतो आणि शत्रूलाही. त्याला काही विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो दरवाज्याला. धान्य आत आले पाहिजे, पाणक्या आत आला पाहिजे, जासूद बाहेर गेला पाहिजे. आणि ज्याला यायचे कारण नाही तो बाहेरच राहिला पाहिजे. म्हणून तर जुन्या किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात ‘दिंडी’ ठेवीत. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येईल एवढेच ते दार. हत्ती जाईल असा दरवाजा प्रत्येक भाजीवाल्यासाठी उघडायचा नसतो, हे त्या काळच्या गवंड्यालाही कळत होते.

वाचकहो, आज तुमच्या बँकेभोवती, तुमच्या मुलाच्या कॉलेजाभोवती, इस्पितळाभोवती, इतकेच काय, तुमच्या दिवाणखान्यातल्या त्या मिणमिणत्या दिव्यांच्या राउटरभोवतीही असाच एक तट उभा आहे. त्याला ‘फायरवॉल’ म्हणतात. शब्द मूळचा इमारतींचा. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये जी जाड भिंत घालतात, ती फायरवॉल. संगणकाच्या जगात ही भिंत विटांची नसून नियमांची असते. ते नियम एका फाईलमध्ये लिहिलेले असतात, आणि ती फाईल लिहिणे हे माझ्यासारख्यांचे काम. या लेखात मी सांगणार आहे ते त्या फाईलमधल्या एका साध्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या भागाविषयी. दाराला नाव देणे, आणि त्या नावाचा अर्थ नेमका लिहून ठेवणे, एवढाच तो भाग. पण संकटे बहुधा तिथूनच आत येतात.

पासष्ट हजार दारांचे घर

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. तो घर क्रमांकासारखा. पण एकाच संगणकावर अनेक कामे चालतात. कोणी पाने दाखवतो, कोणी पत्रे घेतो, कोणी हिशेब ठेवतो. आलेले माहितीचे पाकीट कोणाच्या हाती द्यायचे, हे कळावे म्हणून पत्त्याच्या जोडीला एक दार क्रमांकही लिहिलेला असतो. इंग्रजीत त्याला ‘पोर्ट’ म्हणतात. हा क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत कोणताही असू शकतो. म्हणजे प्रत्येक संगणक हे पासष्ट हजारांवर दारे असलेले घर आहे! बरे, पाकिटे पोचवण्याच्या मुख्य तऱ्हाही दोन. एक ‘टीसीपी’, ती पोचपावतीच्या पत्रासारखी: पोचले का, क्रम चुकला का, सारे तपासून घेणारी. दुसरी ‘यूडीपी’, ती साध्या पोस्टकार्डासारखी: टाकले की मोकळे. दोन्ही तऱ्हांची दारे वेगवेगळी मोजायची.

यांतली बहुतेक दारे बंदच असतात, कारण आत त्यांच्यामागे कोणी बसलेले नसते. पण काही दारांमागे सेवक बसलेले असतात. तुम्ही संकेतस्थळ उघडता, तेव्हा तुमचे पाकीट ४४३ क्रमांकाच्या दाराशी जाते. एका टपाल-संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारे ईमेल २५ क्रमांकावर. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा ५३ क्रमांकावर. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या पुढ्यात आणून देणारी ‘रिमोट डेस्कटॉप’ ३३८९ वर. दार, त्याची तऱ्हा आणि त्यामागचे काम, ही तीन मिळून एक ‘सेवा’ होते.

आता हे आकडे कोणी ठरवले? त्याची कथा गमतीची आहे. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत, म्हणजे १९७० च्या दशकापासून, अमेरिकेतले जॉन पोस्टेल नावाचे संशोधक या क्रमांकांची यादी सांभाळीत असत. कोणाला नवी सेवा सुरू करायची असेल, तर त्यांना विचारावे आणि त्यांनी वहीत नोंद करून क्रमांक द्यावा. पुढे जॉइस रेनॉल्ड्स या त्यांच्या सहकारी बाई हे काम पाहू लागल्या. १९९५ मध्ये फिनलंडमधले तातू युलोनेन यांनी दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी ‘एसएसएच’ नावाची सेवा लिहिली. जुनी एफटीपी २१ वर होती, जुनी टेलनेट २३ वर. मधला २२ रिकामा होता. युलोनेन यांनी तो मागण्यासाठी जुलै महिन्यात ईमेल लिहिले, आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: क्रमांक तुमचा. अर्ज तीन प्रतींत नाही, साहेबाची सही नाही! आज जगभरचे संगणक-व्यवस्थापक रोज ज्या दाराने कामाला जातात, ते दार असे एका पत्रावर मिळालेले आहे. पोस्टेल १९९८ मध्ये वारले. यादीचे काम आता ‘आयाना’ ही संस्था पाहते. १०२३ पर्यंतचे क्रमांक सर्वपरिचित सेवांचे, १०२४ ते ४९,१५१ नोंदवून घेता येण्याजोगे, आणि त्यापुढचे तात्पुरत्या वापराचे, अशी वाटणी आहे.

त्या यादीचे एक लहान भावंड प्रत्येक लिनक्स संगणकात ‘सर्व्हिसेस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बसलेले असते. डावीकडे नाव, उजवीकडे क्रमांक आणि तऱ्हा. पंचांगासारखी ती नुसती पाहायची. तिच्यात नाव लिहिल्याने दार उघडत नाही आणि खोडल्याने बंद होत नाही. उघडझाप होते ती फायरवॉलच्या फाईलमध्ये.

नावाखाली काय लिहिले आहे?

फायरवॉलची फाईल दोन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार नुसत्या आकड्यांचा: या पत्त्यावरून त्या पत्त्याच्या अमुक दाराला येऊ द्यावे. अशा शंभर ओळी झाल्या, की लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ लागत नाही. दुसरा प्रकार शहाणपणाचा. आधी सेवेची व्याख्या करायची: ‘हिशेब’ म्हणजे टीसीपीचे ७१०० क्रमांकाचे दार. मग नियमांत सगळीकडे आकडा न लिहिता ‘हिशेब’ हे नाव लिहायचे. लिनक्सवरच्या फायरवॉल्डी या व्यवस्थेत तर प्रत्येक सेवेसाठी एक वेगळी छोटी फाईल असते. तीत सेवेचे नाव, ती कशासाठी आहे याचे दोन ओळींचे वर्णन, आणि दारांचे क्रमांक. व्यवस्थेबरोबर आलेल्या व्याख्या एका कप्प्यात आणि आपण केलेल्या दुसऱ्या कप्प्यात. दोन्हीकडे एकच नाव असेल तर आपली व्याख्या चालते.

याचा फायदा गृहिणींना लगेच कळेल. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, की नव्या सुनेलाही स्वयंपाक करता येतो. उद्या हिशेबाच्या कार्यक्रमाचे दार बदलले, तर एका जागी आकडा बदलायचा; पन्नास नियम शोधत बसायला नको. आणि वाचणाऱ्याला कळते: ‘शाखेकडून हिशेब येऊ द्यावा’. हे मराठी वाक्यासारखे वाचता येते. मग त्यावर वादही घालता येतो, आणि वाद घालता येणे हे सुरक्षिततेचे मोठे लक्षण आहे.

पण प्रत्येक सेवा एवढी सरळ नसते. एफटीपी ही फाईली पाठवण्याची जुनी सेवा घ्या. ती २१ क्रमांकाच्या दारावर नुसते बोलणे करते. प्रत्यक्ष माल पाठवायची वेळ आली, की आयत्या वेळी दुसरे दार ठरवते. घरी आलेल्या पाहुण्याने पुढच्या दाराशी नमस्कार करावा आणि सामान परसातल्या दाराने आणावे, तसा प्रकार! व्याख्येत २१ लिहून थांबलात, तर नमस्कार होतो आणि सामान येत नाही. मग वैतागलेला माणूस म्हणतो, “सगळीच दारे उघडून टाका, कटकट नको.” वास्तविक अशा सेवांसाठी फायरवॉलला बोलणे ऐकून नेमके ठरलेले दार तेवढ्यापुरते उघडणारा मदतनीस जोडता येतो. व्याख्येत त्याचाही उल्लेख करता येतो. जरा वाचावे लागते, एवढेच.

आणखी एक गोष्ट. आतल्या माणसाने बाहेर प्रश्न पाठवला, तर त्याचे उत्तर आत यायलाच हवे. आजच्या फायरवॉल बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवतात आणि परत येणारे पाकीट त्या नोंदीशी ताडून पाहतात. त्यामुळे उत्तरांसाठी वेगळी दारे कायमची उघडी ठेवायची गरज राहत नाही. आणि या सगळ्या नियमांच्या तळाशी शेवटची एक ओळ असावी लागते: वर ज्याचे नाव आले नाही, त्याला प्रवेश नाही.

‘इतर’ नावाचा रकाना

माझे एक मामा वऱ्हाडातल्या एका नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. जकात आता राज्यातून गेली. नगरपालिकांची आधीच बंद झाली होती, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईचीही संपली. पण मामांच्या डोक्यातला नाका अजून उठलेला नाही. एकदा बाळापुरात त्यांच्या ओसरीवर बसून मी हे सारे त्यांना समजावून सांगत होते. दार क्रमांक, नावे, व्याख्या, आत-बाहेर. मामांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, “अवं पोरी, तू तं जकातीचंच काम करतं! मले वाटे, तू काही लय मोठ्ठं करतं.”

मग त्यांनी मला नाका समजावून सांगितला. नाक्यावर दरांचा तक्ता असे. तेल, कापड, गूळ, लाकूड, प्रत्येकाचे नाव आणि पुढे दर. गाडी आली, की माल कोणता ते पाहायचे, तक्त्यात नाव शोधायचे, पावती फाडायची. गावात न उतरता पुढे जाणाऱ्या मालाची वेगळी नोंद, आणि ती गाडी दुसऱ्या टोकाने खरोखर बाहेर पडली का, याचीही ताडणी. (वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की बाहेर गेलेल्या बोलण्याची नोंद ठेवणारी आमची फायरवॉल याहून फारसे वेगळे करीत नाही.)

“अन् लबाडी कुठून होये, मामा?” मी विचारले.

“तक्त्यात खाली एक रकाना असे: ‘इतर माल’. ज्याले नाव नाही, तो त्यात. कारकून कंटाळला का साऱ्या गाड्या ‘इतर’मध्येच जात. अन् दुसरी गोठ सांगतो. पावतीवर ‘किराणा’ लिहिलं, अन् पोत्यात काय हाय थे पाह्यलंच नाही, तं नाका कायले ठेवला मंग?”

संगणक सुरक्षिततेवर मी पुष्कळ जाड पुस्तके वाचली आहेत. या दोन वाक्यांपेक्षा नेमके मला त्यांत क्वचितच सापडले. पहिल्या वाक्याला आमच्या फाईलमध्ये ‘एनी’ म्हणतात, म्हणजे कोणतेही दार, कोणाहीकडून. दुसऱ्याचा अर्थ असा, की नाव सभ्य आहे म्हणून खालची व्याख्याही सभ्य असेलच असे नाही. शिवाय दाराचा क्रमांक म्हणजे आत येणाऱ्याची ओळखही नव्हे. ४४३ वर नेहमी संकेतस्थळच बोलत असेल असा काही कायदा नाही; त्या दाराने दुसराही कोणी बोलू शकतो. म्हणून दारावर नाव असावे आणि पोतेही अधूनमधून उघडून पाहावे.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्याच एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेने मला बोलावले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. भाजीवाल्या, चहावाले, शिवणकाम करणाऱ्या बाया यांच्याकडून पिग्मी एजंट रोज वीस-पन्नास रुपये गोळा करून आणीत, त्यावर उभी राहिलेली संस्था. लक्ष्मीपूजनाला वह्यांची आणि संगणकाचीही पूजा झाली, हळदकुंकू वाहिले गेले आणि कार्यालयाला कुलूप लागले. भाऊबीज उलटल्यावर कुलूप उघडले, तो संगणकावरच्या साऱ्या फाईली कुलूपबंद. पडद्यावर इंग्रजीत सूचना: पैसे पाठवा, किल्ली देऊ.

मी फायरवॉलची फाईल काढली. तीत फक्त सात नियम होते, आणि वरवर पाहता ते नीटनेटके होते. एका नियमात लिहिले होते: ‘हिशेब’ या सेवेला बाहेरून येऊ द्यावे. कोणाही तपासनिसाने बरोबरची खूण केली असती, कारण दुसऱ्या शाखेतून हिशेब येत होता आणि तो यायलाच हवा होता. मग मी ‘हिशेब’ या नावाखालची व्याख्या उघडली. तिथे दार क्रमांक लिहिला होता: १ ते ६५,५३५.

घडले होते ते असे. तीन वर्षांपूर्वी कार्यक्रम बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला त्याचा दार क्रमांक सापडला नव्हता. संध्याकाळची एसटी गाठायची होती. त्याने सगळीच दारे एका नावाखाली घातली, कार्यक्रम चालला, सगळ्यांनी चहा घेतला. ‘तात्पुरते’ म्हणून केलेली ती ओळ तीन वर्षे तशीच राहिली. त्या ओळीच्या आडोशाने ३३८९ चे दारही जगाला उघडे होते. इंटरनेटवर उघडी दारे चाचपत फिरणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. त्यांना पतसंस्थेचे नावही ठाऊक असायचे कारण नाही. दार सापडले, सोपा पासवर्ड ओळखला गेला, आणि सुट्टीच्या शांततेत काम उरकले.

संस्थेने पैसे दिले नाहीत. सुटी काढून ठेवलेली एक प्रत निघाली, पण ती सुमारे तीन आठवड्यांपूर्वीची. मधल्या दिवसांचा हिशेब कागदी पावत्यांवरून आणि पिग्मी एजंटांच्या मळक्या डायऱ्यांवरून पुन्हा भरावा लागला. त्या काळात मी काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या बाया पाहिल्या. एकीला मुलाच्या परीक्षेची फी भरायची होती, एकीला दवाखान्यात पैसे न्यायचे होते. “बाई, माझे पैसे हायेत ना?” असे त्या विचारीत, आणि व्यवस्थापक “आहेत, आहेत” म्हणत. पैसे होतेच, पण किती, ते सांगता येत नव्हते. फाईलमधल्या एका ओळीची किंमत काय असते, ती मला त्या रांगेकडे पाहून कळली.

दुरून आलेली उदाहरणे

हे काही आपल्याकडच्याच गावांत घडते असे नाही. २५ जानेवारी २००३ ला ‘स्लॅमर’ नावाचा एक जंतू इंटरनेटवर सुटला. तो अवघ्या ३७६ बाइटांचा, म्हणजे मराठीतल्या दोनतीन वाक्यांएवढाही नव्हता. यूडीपीच्या १४३४ क्रमांकाच्या दारातून तो एका प्रकारच्या माहितीसाठ्यात शिरे. सुमारे ७५ हजार संगणक त्याने गाठले, त्यांतले बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. त्या त्रुटीवरचा इलाज सहा महिने आधी निघालेला होता, हा एक भाग. दुसरा भाग असा, की ते दार सगळ्या जगासाठी उघडे ठेवण्याचे कारण बहुतेकांना नव्हतेच. ते बंद करायचे राहून गेले होते.

महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे, तर २७ जून २०१७ चे घ्या. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाचा जंतू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्तीबरोबर बाहेर पडला आणि मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्याच समूहाचे टर्मिनल त्यामुळे अडखळले. यंत्राने होणारी कामे हाताने करण्याची पाळी आली. मर्स्कला पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितले आहे; नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरातले.

यातला धडा थोडा वेगळा आहे. इथे जंतू आला तो परवानगी असलेल्या दाराने, विश्वासू मालाच्या पोत्यातून. बाहेरचा तट त्यापुढे काय करणार? पण आत आल्यावर तो पसरला तो मुख्यतः शेजारच्या संगणकांची ४४५ क्रमांकाची, फाईली वाटून घेण्याची, दारे ठोठावत. विभागाविभागांत आतल्या भिंती असत्या, आणि कोणी कोणाशी कोणत्या सेवेपुरते बोलायचे हे लिहिलेले असते, तर आग एका खोलीत थांबण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती. जुन्या किल्ल्यांना एकापाठोपाठ एक दरवाजे घालीत ते याचसाठी. पहिला दरवाजा पडेल हे गृहीत धरूनच दुसरा बांधलेला असे.

आपल्या घरची दारे

“हे सारे बँकांचे आणि बंदरांचे, आम्हांला त्याचे काय?” असे कोणी म्हणेल. त्यांना कॅमेऱ्याची गोष्ट सांगतो तशी सांगते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या जंतूने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती. टेलनेटचे २३ आणि २३२३ क्रमांकाचे दार ठोठवायचे, आणि कारखान्यातून येताना घातलेला पासवर्ड म्हणून पाहायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला या कॅमेऱ्यांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतली कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. ते काम करणारे कॅमेरे कोणाच्या तरी पाळण्यावर, कोणाच्या तरी फाटकावर बसवलेले होते. मालकांना पत्ताही नव्हता.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत एक तास राउटरलाही द्यावा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बरोबर बसवा. त्यांना ते जमते आणि आपल्याला प्रश्न विचारता येतात. राउटरचे पान उघडून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ या नावाची जागा शोधा. बाहेरच्या जगासाठी घरातली कोणती दारे उघडी केली आहेत, त्याची यादी तिथे असते. प्रत्येक ओळीपुढे विचारा: ही कशासाठी? कोणी केली? अजून लागते का? ज्या ओळीचे उत्तर घरात कोणाकडेच नाही, ती बंद करून दोन दिवस पाहा. काही अडले, तर नाव आणि कारण लिहून ती पुन्हा उघडता येते. ‘यूपीएनपी’ नावाची सोय असेल, तर ती घरातल्या यंत्रांना आपण होऊन दारे उघडू देते. गरज नसेल तर बंद ठेवावी. कॅमेऱ्याचा आणि राउटरचा कारखान्यातला पासवर्ड आजच बदलावा. आणि कोणी पैशाला फसवलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तिथे तासांचा हिशेब असतो.

कार्यालयात बसणाऱ्यांनी, पतसंस्थेच्या आणि शाळेच्या संचालकांनी याहून थोडे अधिक करावे. आपल्या तंत्रज्ञाकडून सेवांची यादी मराठीत मागून घ्यावी. तीत सेवेचे नाव, तऱ्हा, दार क्रमांक, कोणाकडून, कोणाकडे, कशासाठी, कोणी लिहिले आणि पुन्हा कधी तपासायचे, एवढे आठ रकाने पुरेत. संचालकांना संगणकातले काही कळावे लागत नाही. दार क्रमांकाच्या रकान्यात ‘सर्व’ आणि ‘कोणाकडून’ या रकान्यात ‘कोणीही’ असे दोन शब्द एकाच ओळीत दिसले, तर बोट ठेवून विचारावे. उत्तर चाचरत आले, तर ती ओळ सभेच्या इतिवृत्तात जायला हवी. हल्ला झालाच, तर केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला सहा तासांत कळवण्याचे बंधन २०२२ च्या निर्देशांनी संस्थांवर घातले आहे. तो पत्ता आधीच भिंतीवर लावलेला बरा.

त्या पतसंस्थेत आता अशी यादी आहे. सात नियम होते, ते अकरा झाले. कारण एका गोलमाल नावाच्या जागी पाच नेमकी नावे आली. ‘हिशेब’ या नावाखाली आज एकच दार आहे, आणि ते दुसऱ्या शाखेच्या पत्त्यालाच उघडते. दर वर्षी वसुबारसेला व्यवस्थापक, एक संचालक आणि तंत्रज्ञ असे तिघे मिळून ती यादी मोठ्याने वाचतात आणि खाली सह्या करतात. वाचायला वीस मिनिटे लागतात. मागच्या वर्षी त्यांना एक ओळ अशी सापडली, की तिचे कारण तिघांपैकी कोणालाच सांगता येईना. त्यांनी ती तिथल्या तिथे बंद केली, तारीख घातली, आणि मग कार्यालयाला कुलूप लावून फराळाला गेले.